मेंदूतली नस शिवायला पुण्याला

पुण्याला लोक शिकायला जातात, नोकरीला जातात, पोरीसाठी स्थळ पाहायला जातात. आम्ही गेलो ते आमच्या ह्यांच्या डोक्यातली नस शिवून घ्यायला. परत आल्यापासून आमच्या पवनीत जो भेटतो तो विचारतो, "का जी, कसं आहे पुणं?" विहारातल्या महिला मंडळात तर दर रविवारी मला पहिल्यापासून सांगायला लावतात. मध्येच कोणीतरी उशिरा येतं, मग तिच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढते. वाचायचं त्यानं वाचावं, माझं डोकं खाऊ नये.

आमचे हे म्हणजे बसस्टँडजवळच्या सुधाकर टेलर्सचे मालक, कारागीर आणि भोंगा. हातापेक्षा तोंड जास्त चालतं. गिऱ्हाईक माप द्यायला येतं आणि चहा पिऊन, चार गावच्या बातम्या ऐकून जातं. काज-बटण आणि हेमिंग माझ्याकडे. दसऱ्यानंतर ह्यांच्या उजव्या हातातून सुई गळायला लागली, आणि पाठोपाठ शब्द गळायला लागले. कात्री मागायची तर "ते दे... अवो ते दे नं" म्हणत हवेत दोन बोटं हलवायचे. मी आधी चिडले. मला वाटलं, माझी मस्करी करून राहिले.

नागपूरला नेलं, डोक्याचे फोटो काढले. मेंदूच्या डाव्या बाजूच्या धमनीला फुगा आला होता. अ‍ॅन्युरिझम म्हणतात त्याला. नेहमीचा फुगा देठाला लागलेल्या बोरासारखा असतो म्हणे, त्याला बाहेरून चिमटा लावतात नाहीतर आतून बारीक तार भरतात. ह्यांचं तसं नव्हतं. ह्यांची नसच लांबच्या लांब फुगलेली, आणि मेंदूला रक्त नेणारी फांदी नेमकी त्या फुगीतूनच निघालेली. "असे फार थोडे असतात," तिथले डॉक्टर म्हणाले, "आणि ते करणारे हात त्याहून थोडे. पुण्याला एक मॅडम आहेत, त्यांच्याकडे जा." बाहेर आल्यावर हे म्हणतात कसे, "पाह्य, तुह्या नवऱ्याचं सगळंच स्पेशल!"

गाडीचं काही सांगत नाही. बसलो आणि उतरलो.

सदाशिव पेठ

आमची पल्लवी हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये राहते. आम्हाला वाटलं होतं तिच्याकडेच उतरू. ती म्हणाली, "आई, हिंजवडीहून हॉस्पिटलला पोचायला ट्रॅफिकमध्ये दोन तास. बाबांना इमर्जन्सी आली तर काय करायचं?" तिनं हॉस्पिटलपासून चालत जाण्यासारखी एक खोली शोधून ठेवली होती, सदाशिव पेठेत, लेलेकाकूंकडे.

लेलेकाकू पंच्याहत्तरच्या पुढच्या, एकट्या, ताठ. दार उघडलं आणि नमस्काराच्या आधी नियम सांगितले. "चपला डावीकडे. गरम पाणी सहा ते सात. मांस-मच्छी, अंडं घरात नाही. पेशंट आहेत म्हणून कमोडची खोली दिली आहे. उपकार नाहीत, तीच रिकामी होती." ह्यांनी हात जोडून "जय भीम, काकू" म्हटलं. काकूंनी दोन क्षण पाहिलं, म्हणाल्या, "जय भीम. पाय पुसून या." मला बाई आवडली. आमच्याकडे पाहुणा आला की चहा, नाश्ता, मग जेवण, मग हळूच तासाभरानं आपली अडचण सांगतात. इथे अडचण आधी सांगून टाकतात, मग सगळे मोकळे.

पहिल्या सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात पोहे मागवले. एक घास घेतला आणि ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. पोह्यात साखर! वर चण्याची तर्री नाही, काही नाही. ह्यांनी वेटरला हाक मारली, "भाऊ, याच्यावर तर्री टाका नं जी."

"तर्री मिसळीवर. पोह्यांवर खोबरं," तो म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

"बोलला पाह्य कसा," हे खूश होऊन म्हणाले. "दोन वाक्यात दुकान बंद!" ह्यांना स्वतःला दोन वाक्यात थांबता येत नाही, म्हणून थांबणाऱ्यांचं फार कौतुक. आठवडाभरात रिक्षावाले, भाजीवाली, औषधाच्या दुकानातला माणूस, सगळ्यांशी बोलून झालं. मधूनच एखादा शब्द अडायचा, मग बोटं हवेत हलायची, आणि समोरचा पुणेकर वाट न पाहता आपणच तो शब्द पुरवून मोकळा व्हायचा.

मॅडम

डॉक्टर मॅडम म्हणजे मला वाटलं होतं कोणीतरी उंच, भारदस्त बाई असेल. निघाल्या माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. केस बारीक कापलेले, पायात कापडी बूट. फोटो दिव्यासमोर लावले, बराच वेळ पाहिले, मग पाठकोऱ्या कागदावर पेनानं एक रेघ काढली.

"हा रस्ता खचलाय. आधी आपण बायपास काढू, म्हणजे पुढच्या वस्तीला पाणी पोचत राहील. मग खचलेला तुकडा दोन्हीकडून बंद करू." पुण्यात रस्त्याचं उदाहरण दिलं की सगळ्यांना कळत असावं. मलाही कळलं.

बायपाससाठी नळी लागते आणि ती पेशंटच्याच अंगातून काढतात. मॅडमनी ह्यांच्या डाव्या मनगटावर दोन्हीकडून अंगठे दाबले, मूठ उघड-मीट करायला सांगितली, तळहात पांढरा पडला. एक अंगठा सोडला आणि हात पुन्हा गुलाबी झाला. "हाताला दोन नसा असतात. तुमची दुसरी एकटीनं संसार चालवेल. इथली एक काढू."

"मॅडम, डाव्या हातानं मी कापड धरतो," हे म्हणाले.

"मग पायातली काढू."

"पायानं पायडल मारतो."

"मशीनला मोटर बसवा," मॅडम म्हणाल्या आणि कागदावर पुढची रेघ काढली. मला हसू फुटलं. ह्यांना कोणी गप्प केलेलं मी फार दिवसांनी पाहिलं.

हसू तिथेच थांबलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि ह्यांच्याकडे सरळ पाहून बोलल्या, "काही केलं नाही तर हा कधीतरी फुटेल. फुटला तर इथवर यायला वेळ मिळणार नाही. केलं, तर तुमचं बोलणं जाऊ शकतं, उजवा हात जाऊ शकतो. दोन्हींची जागा अगदी शेजारी आहे. जाईलच असं नाही. जाणार नाहीच, असंही मी म्हणणार नाही."

हात गेला तर बघू, मी शिवेन, एवढी वर्षं बाजूला बसून पाहिलंय. पण बोलणं? ह्या माणसाला मी दिवसातून दहादा 'आता चूप बसा' म्हणते. आणि तिथे खुर्चीवर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की चूप बसलेल्या ह्यांच्यासोबत मला एक दिवस राहता येणार नाही.

संमतीचा कागद समोर आला. पल्लवीनं पेन उघडून दिलं. ह्यांनी ते बंद करून टेबलावर ठेवलं.

"सही करतो जी. आधी टाका पाहीन."

"काय पाहाल?" मॅडम.

"टाका. मी कारागीर माणूस आहो. कापड कोणाच्या हाती द्याचं असंन तर मी त्याचा शिवलेला कपडा उलटा करून पाहतो. वरून सगळेच गोड दिसते. आतून पाह्यल्याशिवाय मी रुमालही देत नाही कोणाले, हे तर डोकं आहे."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हटलं, "का जी, काहीतरीच काय!" पल्लवी म्हणाली, "बाबा, प्लीज, एम्बॅरस करू नका ना." मॅडम मात्र रागावल्या नाहीत. डायरी पाहिली. "मंगळवारी दुपारी दोन वाजता या. उशीर करू नका," म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

रविवार, हिंजवडी

मधला रविवार रिकामा होता. लेकीचं घर पाहावं म्हणून हिंजवडीला गेलो. रविवार म्हणून रस्ता रिकामा, तरी पल्लवी प्रत्येक चौकात दाखवत होती, "इथे मी रोज चाळीस मिनिटं उभी असते. इथे माझं एक अख्खं पुस्तक वाचून झालं." काचेच्या इमारती, त्यांच्या मधोमध एखादं जुनं कौलारू घर, दारात म्हैस. ह्यांनी रिक्षा थांबवून म्हशीच्या मालकाशी गप्पा मारल्या. वीस मिनिटं. तो म्हातारा म्हणाला, "समदी जमीन गेली. म्हस हाय म्हणून सकाळी उठायला कारण हाय." हे पुढे दिवसभर तेच घोळवत होते.

पल्लवीच्या फ्लॅटमध्ये तिन्ही पोरींनी मिळून आमच्यासाठी नागपुरी सावजी मसाल्याचं चिकन केलं. मसाला मीच दिवाळीत पाठवलेला. दहा दिवसांच्या गोड आमटीनंतर पहिला घास जिभेवर पडला आणि डोळ्यांत पाणी आलं, तिखटानंच. पल्लवीच्या मैत्रिणीनं ह्यांना फ्रॉकचा घेर कसा मोजतात ते विचारलं. हे सांगायला लागले आणि 'घेर' हाच शब्द अडला. बोटं गोल गोल फिरत राहिली. पोरगी हसली, तिला वाटलं ते करून दाखवताहेत. पल्लवी उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेले तर सिंकपाशी उभी राहून रडत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग दोघींनी मिळून सगळी भांडी घासून टाकली.

कोंबडीचा पंख

मंगळवारी दोनला दहा कमी असताना आम्ही हजर. मॅडम आम्हाला मागच्या एका छोट्या खोलीत घेऊन गेल्या. टेबलावर मोठी दुर्बीण, म्हणजे सूक्ष्मदर्शक, आणि खाली स्टीलच्या ताटलीत कोंबडीचा कच्चा पंख.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पंखाकडे.

"याच्यात जी नस असते, ती तुमच्या डोक्यातल्या नसेएवढीच," मॅडम म्हणाल्या. "अशा ऑपरेशनच्या आधी मी रोज एक शिवते. हात विसरतो, त्याला आठवण द्यावी लागते." नस उदबत्तीच्या काडीएवढी. दोरा तर मला दिसलाच नाही. मॅडमनी चिमट्यात धरला म्हणून समजायचं की आहे. सुई वाकडी, पापणीच्या केसाच्या तुकड्याएवढी. त्यांनी नस मधोमध कापली आणि शिवायला बसल्या. दुर्बिणीला दुसरी डोळ्याची जागा होती, तिथे ह्यांना बसवलं.

लग्नानंतर पहिल्यांदा मी ह्यांना अर्धा तास गप्प पाहिलं. श्वाससुद्धा हळू. मॅडमचे कोपर टेबलावर, हलत होती फक्त बोटांची टोकं. शेजारी एक शिकाऊ डॉक्टर उभा.

टाके संपले. मॅडमनी मान वर केली. "बघा."

हे पाहत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, रागावू नका जी. हा सातवा ओढला गेला आहे. बाकीचे सुटसुटीत बसले, याच्यापाशी कापड... नस चुन्या खाऊन राहिली."

शिकाऊ डॉक्टरचा चेहरा उतरला. मी मनात म्हटलं, संपलं, आता चला पवनीला. मॅडमनी पुन्हा डोळे लावले. चांगला मिनिटभर पाहिलं.

"टिकला असता," त्या म्हणाल्या. "पण ओढलेला आहे. बरोबर." त्यांनी तो टाका कापून काढला, नवा घातला, गाठ मारली. मग नस उलगडून आतली बाजू वर केली आणि ह्यांना दाखवली, न सांगता.

"आतूनही साफ आहे," हे म्हणाले. "कुठाय तो कागद?" सही केली. आडनावाखालची रेघ ओढायला विसरले नाहीत.

घरी आल्यावर लेलेकाकूंनी विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टर?" मी सांगितलं, कोंबडी दाखवली. काकूंची भुवई वर गेली. "तुम्ही खाल्लीत?"

"नाही, त्यांनी शिवली."

"मग हरकत नाही," म्हणाल्या आणि गीझर चालू केला, संध्याकाळचे पाच वाजले होते तरी.

तो दिवस

गुरुवारी सकाळी सातला ह्यांना आत नेलं. त्याआधी अर्ध्या डोक्याचे केस काढून मॅडमनी जांभळ्या पेनानं कानापासून कपाळापर्यंत वाकडी रेघ मारली. ह्यांनी आरसा मागितला. "मार्जिन किती सोडलं जी?" मॅडम म्हणाल्या, "भरपूर. पुढे जाड झालात तर उसवून मोठं करू." स्ट्रेचरवर हसत गेले. दार बंद झालं आणि मी तिथेच खाली बसले.

बसायच्या दालनात पल्लवी लॅपटॉप उघडून बसली होती. कानात वायर, तोंडानं "येस, येस, आय विल चेक" आणि डोळे दारावर. मी मनात त्रिशरण-पंचशील म्हणायला घेतलं, तीनदा मध्येच विसरले. इतक्या वर्षांचं पाठ असलेलं, विसरले! माझ्या डोक्यातलं असं जात असेल तर ह्यांचं काय राहणार, असं नको ते मनात आलं.

अकराला लेलेकाकू आल्या. हातात डबा, बगलेत वर्तमानपत्र. "उपमा आहे. उपाशी राहून ऑपरेशन लवकर संपत नाही." मी नको म्हटलं. "विचारलं नाही, सांगितलं," म्हणाल्या. उपम्यात साखर होती. मी सगळा खाल्ला. काकू दिवसभर माझ्या शेजारी शब्दकोडं सोडवत बसल्या. धीर द्यायला एक शब्द बोलल्या नाहीत, पण उठल्याही नाहीत. एकदाच, चारच्या सुमाराला, माझा हात फार कापायला लागला तेव्हा त्यावर वर्तमानपत्राची पुरवणी ठेवली आणि म्हणाल्या, "धरा जरा, उडतंय." वारा कुठेच नव्हता.

साडेपाचला मॅडम बाहेर आल्या. कपाळावर टोपीचा वळ, डोळे लाल. "नवी नस चालू आहे. वर छोटा यंत्राचा कान लावून मी स्वतः आवाज ऐकला. फुगा दोन्हीकडून बंद केला."

"बोलतील?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"हात हलवतील असं वाटतंय. बोलण्याचं मला माहीत नाही. वाट पाहायची." जाताना वळल्या. "शुद्धीवर आले की सांगा, टाके दोनदा तपासलेत."

बरं

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी उजव्या हातानं माझं बोट दाबलं. इतकं घट्ट दाबलं की अंगठी रुतली. मी नर्सला मिठीच मारली, बिचारी घाबरली.

आणि मग हे बोलले. म्हणजे एकच शब्द. नर्सनं विचारलं, दुखतंय का? "बरं." तहान लागली? "बरं." नाव काय तुमचं? "बरं." मॅडमनी विचारलं, मी कोण? ह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, हसले, म्हणाले, "बरं."

एवढी वर्षं मी वाट पाहत होते की माझ्या बोलण्यावर ह्या माणसानं वाद न घालता नुसतं 'बरं' म्हणावं. आता म्हणत होते आणि मला एक भांडण हवं होतं. मॅडम म्हणाल्या, मेंदूला सूज आहे, ती उतरेल तसं बोलणं परत येऊ शकतं, थोडं येईल, जास्त येईल, थांबायचं. थांबायला माझ्याकडे दुसरं होतं काय?

तिसऱ्या दिवसापासून सायली नावाची मुलगी यायला लागली, बोलायला शिकवणारी. पल्लवीच्याच वयाची. चित्रांचे पत्ते घेऊन यायची. एक ते दहा आकडे सरळ आले, वार आले. ओळीनं पाठ असलेलं आधी परत येतं, सायली म्हणाली. मग कप आला, चावी आली, छत्रीला 'पाऊस' म्हणाले तरी तिनं टाळ्या वाजवल्या. पाचव्या दिवशी पल्लवी आत आली तर म्हणाले, "पल्लू." पोरगी तिथेच ओक्साबोक्शी रडली.

मग सायलीनं माझ्याकडे बोट केलं. "आणि ह्या कोण, काका? काकूंचं नाव काय?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक ओळखीचं आहे, पण मापाच्या वहीत सापडत नाही, असं पाहिलं. मग मान वळवली. सायलीनं कागदावर लिहिलं, पत्नीचं नाव आठवत नाही.

मी भांडले तिच्याशी. "अगं, ह्यांनी माझं नाव कधी घेतलंच नाही! मी त्यांना 'का जी' म्हणते, ते मला 'अवो' म्हणतात. विसरले की घेत नाहीत, तू कसं ठरवलंस?"

सायली पेन हातात धरून बसली. हे तिच्या कागदावर कुठे लिहायचं, तिला कळेना. "कधीच नाही?" तिनं विचारलं. "लग्नातसुद्धा?"

"लग्नात लाजले होते."

हे सगळं मी लेलेकाकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं नाव मधू. मी मधूच म्हणायची, ते मला निर्मल. तुम्ही शकुंतलाबाई, नवऱ्याला तीस-पस्तीस वर्षं स्वतःचं नाव वापरू दिलं नाहीत. आता एका आठवड्यात मागताय." मग "चहा टाकते," म्हणाल्या. मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. सायलीसमोर भांडले खरी, पण आत एकच भीती होती. नाव जाऊ दे. पल्लू आठवली, कप आठवला, पाऊस आठवला. मी आठवतच नसेन तर?

पुढचे तीन दिवस मी बोलतच राहिले. ह्यांच्या वाटचं आणि माझ्या वाटचं. म्हैसवाला, पोहेवाला, काकूंचं शब्दकोडं, सगळं. हे ऐकायचे, मधून "बरं" म्हणायचे, कधी "हो जी." मी कोण ते ह्यांना आठवतं का, कळायला मार्ग नव्हता.

नवव्या दिवशी दुपारी ह्यांना खुर्चीवर बसवून व्हरांड्यात उन्हात आणलं. मी समोरच्या बाकावर. सायलीनं पत्ते काढलेच नाहीत. नुसतं विचारलं, "काका, ह्या कोण?"

ह्यांनी डोळे मिटले. हनुवटी वर केली. ओठ दोनदा हलले, आवाज फुटला नाही. मग एकदम मोठ्यानं, व्हरांड्यातले लोक वळून पाहतील एवढ्या मोठ्यानं, म्हणाले,

"गजभिये... शकुंतला... तुळशीराम."

सायलीनं फाइल चाळली. "इथे शकुंतला सुधाकर रामटेके आहे. गजभिये कोण?" तिनं पेन उचललं. "फर्स्ट नेम बरोबर. आडनाव चुकलं, काका."

मला तिला सांगायचं होतं, पण शब्द सापडेना, आता माझीच पाळी होती. आठवी ब. पवनीची शाळा. गुरुजींना खोकल्याची उबळ यायची, म्हणून हजेरी मॉनिटर घ्यायचा, आणि मॉनिटर हा किडकिडीत, बडबड्या सुधाकर. रजिस्टरमध्ये आडनाव आधी, माझं माहेरचं गजभिये. वर्षभर रोज सकाळी त्यानं ह्याच मोठ्या आवाजात माझं नाव घेतलं होतं. पुढे लग्न झालं आणि नाव घेणं थांबलं. त्या गजभियांच्या पोरीला मी स्वतःसुद्धा विसरून गेले होते.

ह्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहत थांबले. पुढचं नाव घ्यायचं तर आधी उत्तर यायला हवं होतं.

मी बाकावरून उठून उभी राहिले आणि म्हटलं, "हजर."